एकच वही, तीनदा लिहिलेली

बाळाराम भोईर कुठलंही लिहिलेलं पान खालून वर वाचत. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं अंगठ्याचं नख वर सरकवत सरकवत ते मथळ्यापाशी पोहोचत आणि मथळा झाला की "हं" म्हणत. वर्तमानपत्रही तसंच. लग्नपत्रिका हाती आली तर "आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं" हे त्यांना पहिल्यांदा कळे आणि लग्न कुणाचं ते सगळ्यात शेवटी. कचेरीतले लोक हसत. एकदा एकानं विचारलं, "भोईरभाऊ, जेवताना पण आधी ताक पिता का?" ते म्हणाले, "जेवणात चूक झाली तर माझ्या एकट्याचं पोट दुखंल."

खालून वाचण्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "वरनं वाचलं का डोळ्याला पुढचं ठाऊक असतं. मग तो बघत नाय, नुसता धावतो. खालनं वाचलं का त्याला कायपण कळत नाय काय येतंय. मग बिचारा बघतो."

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातल्या एका कचेरीत ते दप्तरखोली सांभाळत. कचेरीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांची नावं त्या वह्यांत होती त्यांची मुलं-नातवंडं अजून तिथेच शेती करतात. भोईर शेलूचे, भातशेतीवाल्या घरातले. अंगावर पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. पावसाळ्यात दप्तरखोलीच्या उंबऱ्याबाहेर पाय पुसायला त्यांनी गोणपाट टाकलं होतं आणि साहेबांनाही ते तिथे थांबवत. लाल कापडात बांधलेले वह्यांचे रुमाल फळ्यांवर ओळीनं असत. दर रुमालात वेखंडाचा तुकडा. तरी वाळवी येई, कसर येई, आणि आषाढात कागद असे ओलसर होत की पान उलटताना आवाज होत नसे.

मी तिथे आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. गाव मंगळवेढ्याकडचं. शाळा सहावीत सुटली. बायको आणि दोन मुलं गावी ठेवून मी घाटातल्या रस्त्याच्या कामावर आलो होतो आणि अक्षर बरं म्हणून मुकादमानं हजेरी मांडायला बसवलं होतं. ते काम संपलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की कचेरीत जुन्या वह्या उतरवून काढायला रोजंदारीवर माणूस हवाय. मी गेलो. भोईरांनी शिक्षण विचारलं नाही. एक पान समोर ठेवलं, म्हणाले, "उतरव." मी तासभर मान मोडून ते उतरवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता खालनं वाच आणि मला सांग काय सापडतंय."

मला दोन चुका सापडल्या. माझ्याच. सांगावं की गुपचूप दुरुस्त करावं, असा विचार करत बसलो आणि शेवटी सांगितल्या.

"सापडल्या ना? मग राहा," ते म्हणाले. "सकाळपासनं दोघं येऊन गेले. त्यांना एकबी सापडली नाय."

मी फार भित्रा होतो. अजूनही आहे. रोजंदारीची यादी महिन्याला बदलायची, त्यामुळे साहेबांच्या खोलीतली घंटा वाजली की मला वाटायचं आपलंच बोलावणं. मी उठताना आपोआप पायाशी ठेवलेली पिशवी उचलायचो. भोईरांनी महिनाभर ते पाहिलं. मग एक दिवस पिशवी त्यांनी स्वतः उचलून वरच्या फळीवर, रुमालांच्या मागे ठेवली. "काढतील तेव्हा मी काढून दीन. तोवर तिथं राहू दे."

मला ते "जोंधळा" म्हणत. भाताच्या मुलखात माझं पोट भरत नसे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. डब्यात ते तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणत आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सारत. मी खायचो, पण संध्याकाळी परत भूक. कुंभिवलीला हमरस्त्यावर त्यांच्या मेव्हण्याचं चहाचं दुकान होतं. देशावरून येणारे ट्रक तिथे थांबत. भोईरांनी मेव्हण्याकरवी एका ट्रकवाल्याला सांगून माझ्यासाठी अर्धं पोतं ज्वारी मागवली. पोतं देताना एवढंच म्हणाले, "ए जोंधळ्या, तुझे भाऊबंद आले." मी खोलीवर जाऊन त्या पोत्याला हात लावून बसलो होतो. तो उपकार मी कधी बोलून दाखवला नाही. असं बोलायला लागलो की ते उठून गोणपाट झटकायला जात.

आता कामाचं सांगतो. दर गावाची एक मोठी वही. एकेक ओळ म्हणजे एकेक जमीन. तिचा क्रमांक, भाताची किती गुंठे, वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन किती, पड किती, एकूण किती, आणि ती कोण कसतो त्याचं नाव. पानाच्या तळाशी दर रकान्याची बेरीज. उतरवलेल्या पानाची भोईर आधी आडवी बेरीज करत, मग उभी. एकदा माझ्या पानाची एक आडवी बेरीज तीन गुंठ्यांनी कमी आली आणि वरकसची उभी बेरीजही तीननं कमी. त्यांनी खराट्याच्या दोन काड्या घेतल्या. एक त्या ओळीवर आडवी ठेवली, एक त्या रकान्यावर उभी. "दोन काड्या भेटतात तिथं चोर." तिथेच होता. आठच्या जागी मी पाच लिहिले होते. मूळ वही उघडायचीही गरज पडली नाही. मला ते जादूसारखं वाटलं.

"आणि दोन चोर असले तर?" मी विचारलं.

"कदी कदी असतात. एकानं तीन खाल्लं, दुसऱ्यानं तीन ओकलं, तर एका बाजूची बेरीज बरोबर. पण दोन चोर एवढे जमवून येत नायत." मग म्हणाले, "आकड्याचं मला भ्याव नाय. आकडा चुकला तर बोंबलतो. नाव चुकलं तर ते गप बसतं. नावाला बेरीज नाय ना रं."

नावांसाठी त्यांचा वेगळा उपाय होता. बहुतेक गावांच्या तीन वह्या असत. एक जुनी मूळ वही, दुसरी तिच्यावरून कचेरीनं उतरवलेली प्रत, आणि तिसरी गावच्या चावडीत ठेवलेली प्रत. एका पावसाळ्यात दप्तरखोलीचं छप्पर गळलं, बऱ्याच वह्या भिजल्या, आणि साहेबांनी हुकूम काढला की तिन्ही पाहून एक नवी कोरी वही तयार करा. जुन्या वहीत वाळवी आहे, ती बाकीच्यांत पसरू नये म्हणून नवीवर सही झाली की जुनी जाळून टाका.

आम्ही असे बसायचो. मूळ वही भोईरांपुढे, दोन्ही प्रती माझ्यापुढे. मी कचेरीच्या प्रतीतली ओळ वाचायची, मग गावच्या प्रतीतली तीच ओळ. भोईर आपल्या वहीशी ताडून बघत. तिन्ही जुळल्या तर "हं", की मी नव्या वहीत लिहायचो. जुळलं नाही तर "थांब". मग ज्या दोघी एक सांगतील त्यांचं खरं. तिसरीची चूक. मूळ वही जुनी खरी, पण वाळवीनं खाल्लेली, शाई उडालेली, लिहिणाऱ्याचं वळणही गिचमिड. त्यामुळे तिलाही भोईर एकाच मताचा मान देत. "म्हातारा हाय म्हणून बरोबर असंलच असं नाय," ते म्हणत. हा नियम त्यांनी स्वतः बसवला होता आणि त्या नियमानं शेकड्यांनी चुका निघाल्या. त्याचा त्यांना अभिमान होता. मला त्यांचा होता.

पोशीरच्या पुढच्या एका पाड्याचं पान आलं. सदतीस आणि अडतीस, लागून असलेली दोन खाचरं. दोन्ही अकरा अकरा गुंठे, दोन्ही निव्वळ भाताची. मी कचेरीच्या प्रतीतून वाचलं, "सदतीस, गोमा. अडतीस, पांडू." गावच्या प्रतीतून वाचलं, तेच.

"थांब," भोईर म्हणाले. "हितं उलटं दिसतंय. सदतीसला पांडू, अडतीसला गोमा." त्यांनी पान उजेडाला धरलं. मग म्हणाले, "दोघी एक सांगतात ना? मग तसंच घे. ह्या लिवणाराचा हात घसरला असंल."

मी पेन उचललं, आणि त्याच वेळी मला एक गोष्ट दिसली. कचेरीच्या प्रतीत सदतीस हा आकडा लिहून, त्याच्याखाली परत सदतीस लिहून, तो दुसरा दोन रेघांनी खोडलेला होता. लिहिणारा तिथे गडबडला होता. आणि गावच्या प्रतीतही, अगदी तिथेच, सदतीसच्या खाली परत सदतीस, दोन रेघांनी खोडलेला. कुणीतरी ओळीमागून ओळ, खोडलेला आकडासुद्धा खोडून, जसाच्या तसा उतरवला होता. उतरवणाऱ्यांतला मी असल्यामुळे मला हसू आलं. हसण्यामागोमाग विचार आला की मग ही दुसरी वही पहिलीवरूनच उतरली असणार, मूळ वहीवरून नव्हे.

हे बोलायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेबांची घंटा वाजली. कुणा दुसऱ्यालाच बोलावलं होतं, पण माझं बोलायचं राहिलं ते राहिलंच. वाटलं, हा माणूस तीस वर्षं हे काम करतोय. आपण सहावी. खोडलेल्या आकड्यावरून त्याला शहाणपण शिकवायचं? मी लिहिलं, "सदतीस, गोमा. अडतीस, पांडू." उभी बेरीज बरोबर आली. आडवी बेरीज बरोबर आली. भोईरांनी पान खालून वर वाचलं आणि म्हणाले, "हं."

नव्या वहीवर साहेबांची सही झाली. जुनी वही भोईरांनीच कचेरीमागे नेऊन जाळली. जाड वही लवकर जळत नाही, म्हणून ते काठीनं पानं उलटवत बराच वेळ उभे होते.

पुढच्या वर्षी राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी खाचरात पालापाचोळा जाळायच्या दिवसांत एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात काही नाही, डोक्यावर पदर. आपण चांगुणाबाई, पांडूची बायको, असं त्यांनी सांगितलं. पांडू वारून चार वर्षं झाली होती. गोमा म्हणजे पांडूचा चुलतभाऊ.

"भाऊ, माझ्या खाचरात गोमानं राब रचलाय," त्या भोईरांना म्हणाल्या. "म्हणतो, कागदात खालचं माझं हाय, तुझं वरचं."

भोईरांनी नवी वही काढली. पान बरोब्बर उघडलं. "बाई, वही तेच सांगते. सदतीस म्हणजे खालचं, ते गोमाचं. वरचं अडतीस पांडूचं."

"वही कदी उतरली रं शेतात?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "लग्न होऊन आले तवापासून मी खालीच वाकते. वर काय वाकायचं, वर दगड. वरचं भात उंदराला पुरत नाय."

"तुमी वाकत असाल. पण तिन्ही वह्या बघून लिवलंय हे. माझ्या हातानं."

"मग तुजा हात माज्या खाचरात चालव आता," असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि पायरीवर बसल्या. निघून गेल्या असत्या तर कदाचित मी तेव्हाही गप्प राहिलो असतो. पण दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

मी भोईरांना सगळं सांगितलं. दोन सदतीस, दोन रेघा, दोन्ही वह्यांत. सांगताना माझे डोळे वरच्या फळीकडे, पिशवीकडे जात होते.

"हे तुला कदी दिसलं?"

"त्याच दिवशी."

"मग तवा बोलला का नायस?"

"भ्या वाटलं."

"साहेबाचं?"

"न्हाई. तुमचंच."

त्यांनी उठून दोन्ही प्रती काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, आणि एका सदतीसवर एक अंगठा, दुसऱ्यावर दुसरा असे बसून राहिले. "चावडीत पाणी शिरलं होतं," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "माझ्या बापानं सांगितलेलं मला. नदी आली आणि गावची वही गेली. मग दुसरी कशावरनं केली असतील? हिच्यावरनंच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन नायत ह्या. एकच हाय. मी एकाच माणसाला दोनदा इचारलं आणि म्हणालो दोघं साक्षीला हायत. आणि जो खरा साक्षीदार होता त्याला काठीनं ढोसून जाळला."

ते बाहेर गेले आणि चांगुणाबाईंपुढे पायरीवर उकिडवे बसले. "बाई, वही चुकली," म्हणाले. लगेच मान हलवली. "वही नाय. मी चुकलो."

चांगुणाबाई म्हणाल्या, "मग खोड."

ते इतकं सोपं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भोईर, तीन वह्या एक सांगतात आणि तुम्ही एकटे वेगळं सांगता. मी कुणाचं ऐकू?"

"साहेब, तीन नायत त्या. एकच वही हाय, तीनदा लिवलेली."

"मग मूळ दाखवा."

"जाळली. तुमच्या हुकमानं, माझ्या हातानं."

साहेब खुर्चीत सरळ झाला. "हे लेखी द्याल?"

"देतो."

"निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची. विचार करा."

"तिची लावणी दोन महिन्यांवर हाय साहेब. आधी तिचा इचार करा."

साहेब शेवटी जागेवर यायला तयार झाला. पाड्यावरची माणसं बांधावर जमली. गोमा साठीचा, लाजाळू माणूस. राबाची पानं-फांद्या खालच्या खाचरात रचून ठेवलेली होती, अजून पेटवलेली नव्हती.

साहेबानं विचारलं, "या खाचरात आजवर लावणी कोण करत आलं?"

"खोटं कशाला बोलू?" गोमा म्हणाला. "हिनंच केली. मी आणि माझा बा वरच कसत आलो."

"मग राब का रचलात?"

"नव्या वहीतली नावं चावडीत वाचली, त्यात खालचं माझ्या नावावर आलं ना. सरकारनं नाव घातलं तर नको कसं म्हणायचं साहेब?"

लोक हसले. चांगुणाबाई म्हणाल्या, "नको म्हणता येत नाय, राब रचता येतो मात्र."

"गप गं वयनी, साहेब बोलतायत."

"म्हणजे नाव बदलायला तुमची हरकत नाही?" साहेबानं विचारलं.

गोमानं बांधाकडे पाहिलं, भोईरांकडे पाहिलं. "हरकत हाय. लिवलेलं नाव कोण आपणहून खोडायला सांगंल? पण तिची लावणी होऊ दे. मी राब उचलतो." आणि खरोखरच तो वाकला आणि फांद्यांचा पहिला भारा उचलून वरच्या खाचराकडे चालू लागला.

साहेबाला तेवढं पुरे होतं. भांडण मिटलं, कागद हलवायची गरज नाही. परत आल्यावर तो भोईरांना म्हणाला, "ओळीला हात लावू नका. हरकत असताना मला नाव फिरवता येणार नाही. समासात काय टिपायचं ते टिपा."

भोईरांना ते पुरेसं वाटलं नाही. जाताना मला म्हणाले, "गोमा हाय तोवर ठीक. गोमाची पोरं कागद वाचतील." पण मिळालेला समास त्यांनी वाया घालवला नाही. बारीक अक्षरात लिहिलं: "सदतीस व अडतीस या ओळींतील नावे मी दोन प्रतींवरून लावली. दुसरी प्रत पहिलीवरूनच उतरलेली आहे, हे मी पाहिले नाही. दोन्हींत सदतीस एकाच जागी एकसारखा खोडलेला आहे. मूळ वहीत नावे उलट होती. ती वही मी जाळली. मी चुकलो." खाली नाव आणि सही.

साहेबानं ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "शेवटचे दोन शब्द कशाला? वरचं पुरे आहे."

"वरचंच ठेवलं तर वाचणाराला वाटंल वाळवीनं केलं," भोईर म्हणाले.

त्यानंतर त्यांचं काम बदललं. दोन काड्या, दोन बेरजा, खालून वाचणं सगळं तसंच राहिलं, पण 'दोघींचं खरं' हा नियम गेला. दर गावाच्या वह्या काढल्या की ते पहिल्यांदा विचारत, ही कुणावरनं उतरली? उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नसत. नावं जुळली नाहीत तर नव्या वहीत दोन्ही लिहायला लावत. मुळात असे, प्रतीत असे. आणि जिथे वाळवीनं खाल्लं असेल तिथे पूर्वी ते अंदाजानं नाव जुळवत, तेही बंद झालं. "भोक पडलं तर भोक लिव," ते म्हणायचे. "भोकात नाव भरू नको. उद्या कुणी खरं नाव घेऊन आला तर त्याला बसायला जागा पायजे." एका वहीत आम्ही सतरा ठिकाणी 'येथे वाळवीने खाल्ले' असं लिहिलं. साहेब म्हणाला, "ही जमिनीची वही आहे की वाळवीची?"

आणि दर पान संपलं की ते पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत. "काय दिसलं?"

"काही न्हाई."

"कायतरी असतंच रं पानावर. डाग असंल, रेघ असंल. सांग. माझं भ्याव वाटत असंल तर तिकडं तोंड करून सांग."

सुरुवातीला मी खरंच भिंतीकडे तोंड करून सांगत असे. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. अमक्या ओळीची शाई वेगळी आहे, तमक्या नावापुढे टिंब आहे. दहातल्या नऊ गोष्टी निरुपयोगी असत. त्या नऊही ते पूर्ण ऐकत.

त्यांच्या खटपटीनं मी पुढे कायम झालो. सहावीवर कायम करायला अडचण होती. त्यांनी मला बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसवलं आणि पास झाल्याचा कागद खालून वर वाचला. मग मी बायको-मुलांना आणलं. ते निवृत्त होऊन शेलूला गेले तेव्हा दप्तरखोलीची किल्ली माझ्याकडे आली. सुट्टीच्या दिवशी मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. ते बांधावर बसलेले असत. गप्पा फार नसत. "छप्पर गळतं का?" "वेखंड बदललास?" आणि निघताना एकदा तरी, "ती बाई लावते का रं खालीच?"

"लावते."

"आणि वहीत?"

"गोमाच."

यावर ते मान हलवत. शेवटच्या आजारात अंथरुणावरही हेच दोन प्रश्न झाले आणि हीच दोन उत्तरं मी दिली. खोटं सांगून त्यांना बरं वाटायला लावावं असं मनात आलं होतं. पण त्या माणसाला खोटी ओळ वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

गोमा त्यांच्यानंतर तीन वर्षांनी गेला. तेराव्यानंतर महिनाभरात त्याचा थोरला मुलगा कचेरीत आला. खोपोलीकडे कारखान्यात होता. पँट-शर्ट, हातात घड्याळ, बोलायला व्यवस्थित. म्हणाला, बापाच्या नावाची सगळी जमीन आमच्या नावावर करायची आहे, सदतीसची नक्कल द्या. चांगुणाबाई आता थकल्या होत्या. खालच्या खाचरात त्यांचा मुलगा आणि सून राबत होते.

नकलेचा फॉर्म छापील होता. क्रमांक, क्षेत्र, नाव. समासाला त्यात जागा नव्हती, आणि समासातलं उतरवून द्या असं कुठे लिहिलेलं नव्हतं. देऊ नका असंही नव्हतं. नव्या साहेबांना विचारलं असतं तर ते 'फॉर्मप्रमाणे द्या' म्हणाले असते. म्हणून मी विचारलं नाही. फॉर्म भरला, उलटा केला आणि पाठीमागे भोईरांची टीप पूर्ण उतरवली, शेवटच्या दोन शब्दांसकट. खालून वर वाचली. माझी सही केली. सही जरा वाकडी आली.

मुलानं पुढची बाजू वाचली, मग मागची. मग परत मागची.

"हे भोईर कोण?"

"माझ्या आधी इथे होते."

"मी चुकलो असं लिवलंय," तो म्हणाला. "सरकारी वहीत असं लिवतात?"

"नाही लिहीत," मी म्हणालो. "यांनी लिहिलं."

"बा पण म्हणायचा, खालचं वयनीचं. आमाला वाटायचं म्हातारपणी काहीतरी बोलतो." मग त्यानं विचारलं की सदतीस-अडतीसची नावं आपसांत फिरवून द्यायची असतील तर अर्ज कुठला. मी तो काढून दिला. त्यानं तिथेच बाकावर बसून भरला, आणि भरल्यावर माझ्याकडे देत म्हणाला, "एकदा बघून घ्या. चुकलं असंल काय."